कंबरदुखीसाठी इलेक्ट्रोॲक्युपंक्चर: टेबलावर घेण्याआधीपासून पेशंट चालून दाखवेपर्यंत

सोलापुरात कंबरदुखी बारमाही आहे. बिडी वळणाऱ्या बायका मांडीवर सूप घेऊन तासन्‌तास पुढे वाकून बसतात. यंत्रमागावरची माणसं पाळीभर उभी असतात, त्यात बीम चढवायची वेळ आली की सगळा जोर कंबरेवर येतो. संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा झाली की नंदीध्वज पेललेल्यांपैकी कुणी ना कुणी कंबर धरून येतोच. माझ्या दवाखान्यात सगळ्यात जास्त येणारे लोक हेच. त्यांच्यावर इलेक्ट्रोॲक्युपंक्चर, म्हणजे टोचलेल्या सुयांना मशीनने हलका करंट देणं, कसं करायचं हे माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलामुलींना मी जसं सांगते, तसंच इथे लिहिते आहे.

कोर्स झालाय, नोंदणी झाली आहे आणि नुकतंच मशीन घेतलंय अशांसाठी हे आहे. पेशंटनीही वाचावं, म्हणजे टेबलावर पालथं पडल्यावर पाठीमागे काय चाललंय आणि काय चालायला हवं हे त्यांना कळेल. आपल्या राज्यात ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे, नोंदणीची सोय आहे. पेशंटनी नोंदणीचं प्रमाणपत्र बघायला मागावं, त्यात कुणाचा अपमान नाही. आणि मशीन ऑनलाइन मिळतं म्हणून घरी स्वतःला सुया टोचून ते लावायचं नाही. कंबरेच्या वरच्या भागात सुईच्या टप्प्यात मूत्रपिंड असतं.

सोलापूरचा दवाखाना म्हटल्यावर पेशंट हमखास डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं नाव काढतात. ते आमच्या गावचे, १९३८ साली पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. पण ते शल्यचिकित्सक होते. ॲक्युपंक्चर शिकून भारतात आणलं ते त्याच पथकातले कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू यांनी, तेही पन्नासच्या दशकाच्या अखेरीस. कोटणीसांचा अभिमान मलाही आहे, पण श्रेय ज्याचं त्याला मिळावं.

आधी कुणाला टेबलावर घ्यायचं नाही ते बघा

कंबर दुखणारे बहुतेक लोक धोक्यात नसतात. जे थोडे असतात त्यांना ओळखणं हे तुमचं पहिलं काम. सुई, पॉइंट, करंट सगळं त्यानंतर.

लघवी तुंबणं किंवा कळत नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, सायकलच्या सीटवर टेकतो तेवढा भाग बधिर होणं, यातलं एक जरी असेल तरी सुई हातात घ्यायची नाही. त्याच दिवशी, त्याच तासाला मोठ्या हॉस्पिटलमध्ये पाठवा. मणक्यातल्या शेवटच्या नसांचा जुडगा दाबला गेला तर काही तासांच्या उशिरानेही कायमचं नुकसान होतं. बायका हे आपण होऊन सांगत नाहीत. दार लावून घ्या, सोबत आलेल्या मुलाला किंवा नवऱ्याला बाहेर बसवा आणि सरळ विचारा, "मावशी, लघवी लागलेली कळते का? धुताना तिथे हात लागलेला कळतो का?" "लघवीचा काही त्रास?" एवढंच विचारलं तर उत्तर "नाही" असंच येतं.

मग ताप, घटलेलं वजन, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, पूर्वी झालेला कॅन्सर, पडल्याचा किंवा अपघाताचा इतिहास, बरीच वर्षं घेतलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या. आपल्याकडे यात मणक्याचा क्षय धरायलाच हवा. संध्याकाळी कणकण, भूक नाही, कंबर महिनोन्‌महिने दुखतेय आणि एकाच मणक्यावर हलकं ठोकलं तरी माणूस कळवळतो, अशा पेशंटला तपासण्या झाल्याशिवाय हात लावू नका. वयस्कर, हाडं ठिसूळ झालेल्या बाईची कंबर नुसत्या बादली उचलण्याने धरली असेल तर मणका दबला असण्याची शक्यता असते, एक्स-रे आधी.

पेशंटला टाचांवर चालायला सांगा, मग चवड्यांवर. टाचांवर चालताना एक पाऊल खाली पडत असेल तर पाचव्या कंबर-मणक्याजवळची नस अशक्त झालेली असू शकते. चवड्यावर उभं राहता येत नसेल तर त्याखालची. पाठीवर झोपवून, गुडघा ताठ ठेवून पाय हळूहळू वर उचला. पाय अर्ध्यावर असतानाच गुडघ्याखालपर्यंत कळ गेली तर नस चिडलेली आहे असं समजा. नस चिडलेली असली तरी उपचार करता येतात. पण पायातली ताकद कमी होत चाललेली असेल तर आधी अस्थिरोगतज्ज्ञ किंवा मेंदू-मज्जारज्जूचा सर्जन.

करंटसाठी वेगळे प्रश्न आहेत. छातीत पेसमेकर किंवा झटका देणारं यंत्र बसवलेलं असेल तर इलेक्ट्रोॲक्युपंक्चर नाही, साध्या सुयाही हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच. दिवस गेलेले असतील तर कंबरेवर आणि माकडहाडाच्या वरच्या भागात करंट नाही. फिट येत असतील तर नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या कुठल्या ते चिठ्ठीवर बघा, "रक्ताची गोळी" या शब्दावर थांबू नका, कारण हिमोग्लोबिनच्या गोळीलाही लोक तेच म्हणतात. कंबरेत स्क्रू-पट्ट्या बसवलेल्या असतील तर त्या जागेवर करंट देऊ नका.

एमआरआय घेऊन आलेला पेशंट सांगतो, "मणक्यात गॅप आहे, गादी सरकलीय." रिपोर्ट जरूर वाचा, पण ज्यांना काहीच दुखत नाही अशा कितीतरी माणसांच्या एमआरआयमध्येही सरकलेल्या गाद्या दिसतात. उपचार पेशंटच्या कंबरेवर आणि पायावर काय सापडतं त्यावरून ठरवा.

काय सांगायचं, काय सांगायचं नाही

"बाई, बरं होईल ना?" या प्रश्नाला खरं उत्तर द्यायचं तर पुरावा माहीत असायला हवा. २००७ साली जर्मनीत अकराशेहून जास्त जुन्या कंबरदुखीच्या पेशंटवर एक मोठी चाचणी झाली. खऱ्या ॲक्युपंक्चरने ४७.६ टक्के लोकांना फरक पडला, चुकीच्या जागी वरवर टोचलेल्या खोट्या ॲक्युपंक्चरने ४४.२ टक्के लोकांना, आणि औषधं-व्यायाम अशा नेहमीच्या उपचारांनी २७.४ टक्के लोकांना. म्हणजे सुयांनी फायदा झाला, पण नेमका पॉइंट किती महत्त्वाचा हा प्रश्न उरला. नुसत्या इलेक्ट्रोॲक्युपंक्चरची अमेरिकेत २०२० साली १२१ लोकांवर चाचणी झाली, त्यात खोट्या उपचाराच्या तुलनेत वेदनेच्या आकड्यात ठळक फरक दिसला नाही, रोजची कामं करण्याच्या क्षमतेत मात्र दिसला. ब्रिटनच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनी कंबरदुखीला ॲक्युपंक्चर देऊ नका म्हटलं. अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने २०१७ मध्ये औषधांआधी करून बघण्याच्या उपायांत त्याला जागा दिली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये जुन्या कंबरदुखीसाठी ते देता येईल असं सांगितलं, अटी घालून.

हे सगळं मी पेशंटला आकड्यांत सांगत नाही. सांगते ते एवढंच: "काका, गादी जागेवर बसवायचं हे मशीन नाही. दुखणं कमी करून तुम्हाला हालचाल करता यावी यासाठी आहे. हालचाल तुम्ही करायची." माझं सगळं काम या शेवटच्या वाक्यावर उभं आहे. वीस मिनिटांच्या करंटने कंबर मोकळी होते ती काही तासांसाठी किंवा एखाद-दोन दिवसांसाठी. त्या वेळात माणूस चालला, वाकला, उठला-बसला तर पुढच्या वेळेला सुरुवात वरून होते. घरी जाऊन कंबरपट्टा बांधून आडवा झाला तर पुन्हा तिथूनच.

म्हणून पहिल्या दिवशीच पेशंटकडून त्याची स्वतःची तीन कामं विचारून घ्या आणि कार्डावर लिहा. एका मावशींची होती: खाली बसून हजार विड्या वळणं, नळावरून घागर आणणं, रात्री कूस बदलणं. प्रत्येकाला शून्य ते दहा आकडा. पुढे सगळा हिशोब याच तीन कामांवर.

मशीन, सुया, वायरी

आपल्याकडे बहुतेकांकडे चिनी बनावटीचं केडब्ल्यूडी ८०८ किंवा त्याच्यासारखं मशीन असतं. बॅटरीवर चालणारंच घ्या आणि उपचाराच्या वेळी भिंतीतल्या प्लगला जोडू नका. करंट दोन्ही दिशांनी जाणारा, समतोल असायला हवा. एकाच दिशेने जाणाऱ्या करंटने सुई झिजते आणि आजूबाजूची त्वचा भाजते, अशी मशीनं उपचाराची नव्हेतच.

रोज सकाळी पहिल्या पेशंटआधी मशीनसोबत आलेले रबरी पॅड स्वतःच्या हातावर लावून प्रत्येक नॉब शून्यापासून हळूहळू फिरवून बघा. नॉब जुना झाला की मधेच करंट उडी मारतो. शांत पडलेल्या पेशंटला ती उडी बसली तर तो आयुष्यात पुन्हा सुई लावून घेणार नाही. वायर क्लिपच्या मुळाशी हलवून बघा, करंट तुटत असेल तर ती वायर त्याच क्षणी बाजूला. वायरीच्या किमतीसाठी असली काटकसर करायची नाही.

सुया एकदाच वापरायच्या, निर्जंतुक, धातूच्या मुठीच्या. प्लॅस्टिकच्या मुठीतून करंट जात नाही. कंबरेला ०.३० मिलिमीटर जाडीची, ४० मिलिमीटर लांबीची सुई पुरते. ढुंगणावरच्या पॉइंटला ७५ मिलिमीटर. फार बारीक सुया करंटसाठी नकोत, त्या वाकतात. वापरलेल्या सुयांसाठी भोक न पडणारा पांढरा डबा टेबलाशेजारीच ठेवा, जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम तेच सांगतात.

पालथं झोपवणं आणि पॉइंट शोधणं

पेशंट काहीतरी खाऊन आलेला आहे ना ते बघा. मंगळवार, चतुर्थी, नवरात्र, रोजे, यात बरेच जण उपाशी येतात आणि पहिल्याच सुईला घाम फुटून डोळ्यांपुढे अंधारी येते. उपास असेल तर दुसरा दिवस द्या.

पोटाखाली पातळ उशी, घोट्याखाली गुंडाळलेला टॉवेल. ज्याला पालथं झोपवत नाही त्याला कुशीवर घ्या, दुखरी बाजू वर, दोन गुडघ्यांत उशी. पेशंटला सांगा की एकदा सुया लागल्या की हलायचं नाही, शिंक-खोकला येणार असेल तर आधी हात वर करायचा.

आता बोटांनी वाचा. कमरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या वरच्या कडा जोडणारी रेष साधारण चौथ्या कंबर-मणक्यावरून जाते. जाड पेशंटमध्ये ही रेष हाताला थोडी वर लागते, तेव्हा खालून, माकडहाडाकडूनही मोजून पडताळून घ्या. चौथ्याच्या खालच्या कडेपासून बाजूला दीड चुन (हे ॲक्युपंक्चरचं माप) गेलं की यूबी २५. यूबी म्हणजे मूत्राशयाच्या रेषेवरचा पॉइंट, पुढे येणारा जीबी म्हणजे पित्ताशयाच्या रेषेवरचा, आणि आकडा त्या रेषेवरचा क्रम. तिथून दोन मणके वर, दुसऱ्याच्या खालच्या कडेला, तेवढ्याच अंतरावर यूबी २३. दीड चुन म्हणजे तर्जनी आणि मधलं बोट जोडून होणारी रुंदी, पण बोटं पेशंटची, तुमची नाहीत. सहा फुटी गड्याच्या कंबरेवर माझी बोटं ठेवली तर पॉइंट मणक्याला चिकटून येईल.

आकडे हे पत्ता सांगतात, घर बोटाला सापडतं. त्या जागेच्या आसपास अंगठा फिरवा. कुठेतरी स्नायू दोरीसारखा ताठ लागतो आणि पेशंट म्हणतो, "हं, तिथंच." सुई तिथे. दोन्ही बाजूंना सारखं सापडेलच असं नाही. बिडीवाल्या बायकांमध्ये मला बहुतेक वेळा खालचा भाग, चौथ्या-पाचव्या मणक्याजवळचा, जास्त आखडलेला सापडतो. यंत्रमागावरच्यांमध्ये एकाच बाजूचा.

कळ पायात उतरत असेल तर मणक्याला लागून, अर्धा चुन बाजूला, चौथ्या आणि पाचव्या मणक्याच्या पातळीवर हुआतुओ-जियाजी नावाचे पॉइंट घ्या. त्याच्या जोडीला जीबी ३०. मांडीच्या हाडाचं बाहेर लागणारं टोक आणि माकडहाडाच्या वरची खळगी यांना जोडणाऱ्या रेषेचे तीन भाग करा, बाहेरचा एक सोडला की तो पॉइंट. मग गुडघ्यामागच्या वळीच्या मधोमध यूबी ४० आणि बाहेरच्या घोट्यामागे, टाचेच्या शिरेच्या पुढे यूबी ६०. कंबरेच्या दुखण्याला गुडघ्यामागचा यूबी ४० पूर्वापार घेतात, मीही घेते. तिथे खाली मोठी रक्तवाहिनी आहे, सुई वरवर ठेवा आणि नाडी लागत असेल तर ती सोडून.

खोलीबद्दल हयगय नको. यूबी २३ ला सरळ आत २५ मिलिमीटरच्या पुढे जायचं नाही, सडपातळ माणसात त्याहून बरंच कमी, आणि सुईचं टोक किंचित मणक्याकडे झुकलेलं. बाहेरच्या दिशेने तर कधीच नाही. सुई गेल्यावर पेशंटला जडपणा, ठणका, फुगल्यासारखं काहीतरी जाणवतं, तेवढं पुरे. जीबी ३० ला सुई घालताना पायात विजेसारखा झटका पावलापर्यंत गेला तर मोठी नस टोकाशी आहे. सुई दोन-तीन मिलिमीटर मागे घ्या, झटका पूर्ण थांबला याची खात्री करा आणि मगच वायर जोडा. नसेला टेकलेल्या सुईला करंट लावणं म्हणजे इजा करणं.

पहिल्या भेटीत चार ते सहा सुया. जास्त सुया म्हणजे जास्त फायदा असं नसतं, आणि घाबरलेल्या पेशंटच्या पाठीवर सुयांचं रान उभं करण्यात काही हशील नाही.

जोड लावणं आणि करंट वाढवणं

क्लिप लावण्याआधी सगळे नॉब शून्यावर आहेत हे डोळ्यांनी बघा आणि बोटांनी मागे फिरवूनही बघा. मग मशीन सुरू.

एक जोड एकाच बाजूला: उजवीकडचे यूबी २३ आणि यूबी २५ एका वायरीवर, डावीकडचे दुसऱ्या. पायाच्या दुखण्यात वरची जियाजी आणि खालचा जीबी ३०. छातीच्या आरपार करंट जाईल असा जोड कधीही करायचा नाही, एक हात आणि दुसरा हात असाही नाही. क्लिपचं वजन सुईला खाली ओढतं, म्हणून वायर सुईपासून चार बोटांवर मायक्रोपोर पट्टीने त्वचेला चिकटवा. हे न केल्यामुळे आडवी झालेली सुई किती दुखते ते पेशंटला विचारा.

फ्रीक्वेन्सी कोणती? बीजिंगचे प्राध्यापक हान जीशेंग यांनी अनेक वर्षं याच प्रश्नावर काम केलं. २ हर्ट्झच्या संथ ठोक्यांनी मज्जासंस्थेत एन्केफालिन आणि एंडॉर्फिन सुटतं, १०० हर्ट्झच्या जलद ठोक्यांनी डायनॉर्फिन. ही शरीराची स्वतःची वेदनाशामकं. दोन्ही आळीपाळीने दिले तर दोन्हींचा लाभ, म्हणून मशीनवर डेन्स-डिस्पर्स हा मोड असतो. जुन्या, मुरलेल्या कंबरदुखीला मी सरळ २ हर्ट्झने सुरू करते आणि दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीपासून डेन्स-डिस्पर्सवर जाते. ज्या मशीनवर हर्ट्झचे आकडे नाहीत तिथे स्नायूचे ठोके घड्याळ लावून मोजा: १५ सेकंदांत ३० झाले की २ हर्ट्झ.

आता नॉब. सगळ्यात जास्त बिघडतं ते इथे. एका वेळी एकच नॉब, केसाएवढा. पेशंटला आधीच सांगून ठेवा: "मुंगी चालल्यासारखं वाटलं की सांगा." ते आलं की थांबा. पुन्हा किंचित. आता टकटक सुरू होते आणि सुईची मूठ ठोक्यागणिक हलताना दिसते. आणखी किंचित, आणि विचारा, "छान जोरात आहे की त्रास होतोय?" जोरात पण हवंसं, ही जागा. त्रास म्हटलं की मागे. उजवीकडचा नॉब दोनवर आणि डावीकडचा साडेतीनवर राहिला तर तसाच राहू द्या, दोन्हीकडचे आकडे जुळवत बसू नका. आखडलेल्या बाजूला आणि मोकळ्या बाजूला करंट वेगळा लागतो.

पुरुष म्हणतात, "वाढवा मॅडम, काय होत नाही." त्यांना वाढवून द्यायचं नाही. स्नायू इतका जोरात आवळला की दुसऱ्या दिवशी कंबर जास्त ठणकते आणि दोष सुईला जातो. बायकांचं उलट. हजार विड्यांचा हिशोब पुरा करायची सवय असलेली बाई दुखलेलं सांगतच नाही. मघाच्या त्या मावशींना मी विचारलं तेव्हा "बरंय की" म्हणाल्या, पण त्यांच्या पायाची बोटं आत वळली होती आणि डाव्या हाताने चादर धरली होती. नॉब थोडा मागे घेतला, बोटं सैल झाली. पुन्हा विचारलं, तर म्हणाल्या, "तुम्ही करताय म्हणजे तसंच असेल वाटलं." मी त्यांना सांगितलं, "मावशी, इथं सहन करायचं नसतं. सहन केलं तर औषध लागू पडत नाही." म्हणून पेशंटच्या शब्दांइतकंच त्याच्या पायाच्या बोटांकडे, मुठींकडे आणि श्वासाकडे बघा.

पाच-सात मिनिटांनी पेशंट म्हणतो, "बंद पडलं वाटतं." मशीन चालूच असतं, शरीराला सवय झालेली असते. त्याच पद्धतीने, विचारून, किंचित वाढवा. पहिल्या दिवशी एकूण १० ते १५ मिनिटं, पुढे २०, फार तर ३०. या वेळात खोली सोडायची नाही. फोन बाहेर, चहा नंतर.

घाम, फिकट चेहरा, मळमळ, जांभया दिसल्या तर लगेच नॉब शून्य, मशीन बंद, क्लिपा काढा, सुया काढा, पेशंटला पाठीवर वळवून पाय उंच करा. बहुतेक जण दोन-तीन मिनिटांत ठीक होतात. मग पाणी, साखर, आणि त्या दिवशी पुन्हा सुई नाही.

संपवतानाही क्रम तोच: नॉब शून्य, मशीन बंद, क्लिप, मग सुई. चालू मशीनची क्लिप ओढू नका. लावलेल्या सुया आणि काढलेल्या सुया मोजा, दोन्ही आकडे मोठ्याने म्हणा. केसांत, टॉवेलखाली, ढुंगणाच्या बाजूला एखादी राहून जाते. रक्ताचा थेंब आला तर कापसाने दाबून धरा, चोळू नका. तिथे निळसर डाग पडू शकतो हे आधीच सांगितलेलं बरं.

नुकतीच उसण भरली असेल तर

सकाळी बादली उचलताना कंबर धरलेला माणूस पालथा झोपूच शकत नाही. त्याला खुर्चीवर बसवा. हाताच्या मागच्या बाजूला, तर्जनी-मधल्या बोटाच्या आणि अनामिका-करंगळीच्या हाडांमध्ये, मनगट आणि बोटांच्या सांध्याच्या मधोमध दोन पॉइंट आहेत, यावतोंग. तिथे सुया, करंट नाही. सुया तशाच ठेवून बसल्या बसल्या कंबर थोडी थोडी हलवायला लावा. घेरी येत नाही हे पाहून मग, तुमचा हात त्याच्या कोपराखाली ठेवून, उभं राहून चार पावलं. उसणीत करंटची घाई नको. बरीचशी उसण काही आठवड्यांत आपली आपण उतरते, आपण फक्त त्या काळात माणसाला हलतं ठेवतो.

टेबलावरून उतरल्यावर

सुया काढल्यावर पेशंटला झटकन उठवू नका. कुशीवर, मग पाय खाली सोडून, मग हाताच्या जोराने बसणं. दोन मिनिटं बसू द्या. मग माझ्या दवाखान्याच्या व्हरांड्यात फेऱ्या. इथे मी घाई करत नाही, कारण उपचाराचा अर्धा भाग हाच आहे. पाठीवर झोपून गुडघे छातीशी घेणं, पालथं पडून कोपरांवर छाती उचलणं, या दोन्हींपैकी ज्याने पायातली कळ वर सरकते तो व्यायाम त्याचा. कळ आणखी खाली उतरते तो त्याचा नाही. एकच व्यायाम द्या, घरी दिवसातून तीन-चारदा. पाच व्यायामांचा छापील कागद दिला की एकही होत नाही.

बिडीच्या कामात बैठक बदलल्याशिवाय सुया टिकत नाहीत. ढुंगणाखाली दुमडलेलं घोंगडं किंवा पाट घ्या, म्हणजे गुडघे कमरेच्या खाली येतात. भिंतीला टेकून बसा. एक बंडल झालं की उठून पाण्याच्या माठापर्यंत जाऊन या. पैसे नगावर मिळतात, म्हणून "कामच करू नका" असं सांगण्याला अर्थ नसतो. सूप मांडीऐवजी वीतभर उंच चौरंगावर ठेवून बघितलेल्या बायकांच्या मानेलाही आराम पडला.

त्याच रात्री थोडं दुखणं वाढू शकतं, दुसऱ्या दिवशी उतरतं. दोन दिवस झाले तरी उतरलं नाही तर पुढच्या वेळी करंट आणि वेळ दोन्ही कमी करा.

किती वेळा आणि कधी थांबायचं

जुन्या दुखण्याला आठवड्यातून दोनदा. प्रत्येक वेळी टेबलावर घेण्याआधी ती तीन कामं विचारा, आकडे लिहा. सोबत कार्डावर सुया कुठे होत्या, जोड कसे, फ्रीक्वेन्सी, प्रत्येक नॉब कुठवर गेला आणि दुसऱ्या दिवशी कसं होतं तेही. अमेरिकेच्या मेडिकेअरने, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याने, जानेवारी २०२० पासून जुन्या कंबरदुखीसाठी ॲक्युपंक्चरचा खर्च देताना ९० दिवसांत १२ बैठका, सुधारणा असेल तरच आणखी ८, आणि वर्षाला २० च्या वर नाही असं ठरवलंय. सुधारणा नसेल तर थांबायचं. मला हा नियम आवडतो. मी तो आणखी आवळून घेतलाय: सहाव्या बैठकीला तीनपैकी एकही काम सोपं झालं नसेल तर मी आणखी सुया लावत नाही. आमच्याकडे येणाऱ्या बाईचा अर्ध्या दिवसाचा रोजगार बुडतो, वर रिक्षाचं भाडं आणि माझी फी.

अशा पेशंटला फिजिओथेरपिस्टकडे किंवा अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठवताना हातात चिठ्ठी द्या. काय तक्रार होती, तपासणीत काय सापडलं, किती बैठका झाल्या, कुठल्या पॉइंटना किती वेळ करंट दिला आणि कशाने फरक पडला नाही, हे सहा-सात ओळींत, सरळ मराठीत किंवा त्या डॉक्टरांना सोयीच्या भाषेत. एक प्रत कार्डाला टाचून ठेवा, आणि आठवड्याभराने फोन करून तपासणीत काय निघालं ते विचारा.